आबांच्या वहीतले शेर, पायली, पल्ला, तोळा: आजच्या किलोत नेमके किती?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर नाशिक. दिवाळीत माहेरचा माळा आवरताना आबांची (वडिलांचे वडील) लाल कापडी बांधणीची वही हाती लागली. १९५३ साली माझ्या आत्याचं लग्न झालं, त्याचा सगळा हिशेब तीत आहे. आबाही नाहीत, वडीलही नाहीत. आत्या आहे, ८८ वर्षांची, खणखणीत. पण तिला विचारलं तर म्हणते, "मी नवरी होते बाई, मला कोठीच्या खोलीत कोण जाऊ देत होतं!"

यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही सगळी भावंडं गावी जमणार आहोत, साधारण ६० माणसं. त्या लग्नातलाच पुरणाच्या मांड्यांचा बेत करायचा ठरलाय. वहीत वर "पाने ४००" लिहिलंय आणि खाली असं:

गहू १८ पायल्या. हरबऱ्याची डाळ १ मण. गूळ १। मण. तूप ५॥ शेर. लाल मिरची २॥ शेर. हळद ३ नवटाक. वेलदोडे ९ तोळे.

पुढच्या पानावर "कापूस ७ पल्ले" विकल्याची नोंद आहे, लग्नासाठीच विकला असणार. आणि शेवटी "पाटल्या जोड, २ तोळे ४ मासे ३ गुंजा".

माझ्या भावाने मोबाइलवर काहीतरी करून आकडे काढले. त्याच्या मते तूप ५११ शेर लागलं आणि गूळ ११ मण. मला शेतीतलं फार कळत नाही, पण चारशे माणसांनी एवढं तूप खाल्लं असेल असं वाटत नाही.

पाटल्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. त्या आत्याकडे अजून आहेत. मागच्या महिन्यात सराफाकडे तोलल्या तर २७.४ ग्रॅम भरल्या. वहीतले तोळे दहाने गुणले तर पावणेचोवीसच्या आत येतात. आत्येभाऊ म्हणतो, म्हणजे या त्या पाटल्या नव्हेतच, मधे कधीतरी मोडून दुसऱ्या केल्या. आत्या तेव्हापासून जेवताना सुद्धा हातातून काढत नाही.

कोणी जाणकार सांगेल का?

गणितपक्का

सोपं आहे ताई. १ तोळा = ११.६६४ ग्रॅम. ८० तोळे = १ शेर = ९३३.१ ग्रॅम. ४० शेर = १ मण = ३७.३२ किलो. गुणाकार करा, झालं. ५११ शेर म्हणजे ४७६.८ किलो तूप. लग्न कोण्या संस्थानिकाकडचं होतं का?

पायली म्हणजे ४ शेर, म्हणून १८ पायल्या = ७२ शेर = ६७.२ किलो. पल्ला माहीत नाही.

धरणगावचे तोलारनाना

ताई, रामराम. वर गणितपक्का भाऊंनी दिलेले आकडे बरोबर आहेत, पण ते सगळीकडे लावले की घोळ होतो. जरा सविस्तर लिहितो. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

मी बाजार समितीत ३१ वर्षं तोलार होतो. माझ्या आधी माझे वडील तोलार होते. त्यांनी शेराचा जमाना पुरा पाहिलेला, मी शेपूट पाहिलं. कोणी येऊन म्हणालं की "आप्पा, इतके शेर म्हणजे कितले व्हयतीन?" तर वडील उत्तर द्यायच्या आधी विचारायचे, "कोना शेर?" कोणाचा शेर. वाण्याचा की मापाड्याचा, इथला की मुंबईचा. तेवढं कळलं की मगच बोलायचे.

आधी तुपाचं मिटवू. ५११ नाही हो, साडेपाच. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, ५॥ म्हणजे साडेपाच. जुन्या प्रत्येक चोपडीत असंच सापडेल. आम्हाला शाळेत पावकी, निमकी, सवाकी, दिडकी, औटकी पाठ करावी लागे ती याच रेघांसाठी. तुमच्या भावाला सांगा, मोबाइलला औटकी येत नाही.

म्हणजे तूप साडेपाच शेर, ५ किलो १३० ग्रॅम. चारशे पानांना तेरा-तेरा ग्रॅम आलं. वाढणारा हात जरा आखडता होता म्हणायचं, राग मानू नका. गूळ सव्वा मण, म्हणजे ४६ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. मिरची २ किलो ३३० ग्रॅम. नवटाक म्हणजे पावशेराचा अर्धा, दहा तोळे, ११६ ग्रॅमला थोडं वर. तीन नवटाक हळद साडेतीनशे ग्रॅम. वेलदोडे १०५ ग्रॅम.

आता गव्हाकडे या. इथे खरी मेख आहे. आमच्या बाजारात दोन वेगळी माणसं असत, तोलार आणि मापाडी. तोलार तागडीने तोलतो, मापाडी पायलीने मापतो. दोघांच्याही तोंडी शेर आणि मण हेच शब्द, पण ते दोन वेगळे शेर. तोलाचा शेर म्हणजे ८० रुपयांचा भार, ठरलेला. मापाचा शेर हे भांडं आहे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. त्यात गहू घातला तर एक वजन, ज्वारी घातली तर दुसरं, सरकी घातली तर तिसरंच. आणि तोलाचा मण ४० शेरांचा, तर मापाचा मण १२ पायल्यांचा, म्हणजे ४८ शेर! तेव्हा ७२ शेराला ९३३ ने गुणून गव्हाचं वजन निघत नाही. भाऊंचं उत्तर जवळपास जुळलं तरी तो योगायोग समजा.

त्यात आणखी शीग, म्हणजे मापाच्या काठावर रचलेली रास. मापाडी पायली भरायचा ती सपाट की शिगेची? घरचं धान्य घरच्या कामाला काढताना बहुतेक शीग लावून काढत. लग्नकार्य म्हटलं की नक्कीच. पहिल्या पायलीला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. लग्नाच्या घरात हा आवाज ओसरीवरून ऐकू यायचा.

मग वहीत तोलाचं कोणतं आणि मापाचं कोणतं हे कसं ओळखायचं? पायली लिहिलं तर मापच. "मण" लिहिलंय तिथे पंचाईत. एक युक्ती सांगतो. समोर पैसे लिहिलेत का बघा. डाळ-गुळासमोर रुपये-आणे असतील तर माल वाण्याकडून आला, म्हणजे तोलून आला. गव्हासमोर पैसे नसतील तर तो घरच्या कणगीतला, मापून काढलेला. डाळीसमोर काही नसेल तर घरच्या हरबऱ्याची भरडलेली समजा आणि तेव्हा परत विचार करू.

पल्ल्याचं पण तसंच. आमच्याकडे पल्ला म्हणजे तीन मण, १२० शेर, साधारण ११२ किलो. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, वहीवर ठेवा. दर काय लिहिलाय आणि एकूण रक्कम किती, ते सांगा. भागाकार करून पल्ला किती मणाचा धरला ते वहीच सांगेल.

बाकी काळ म्हणाल तर वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा. किलोची वजनं बाजारात ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यवहारात शेर-मण कायद्याने बंद. तुमची वही १९५३ ची, म्हणजे शंभर टक्के शेराची. गावी कोठीत षटकोनी लोखंडी वजनं पडलेली असतील तर त्याने काही तपासू नका, ती किलोच्या जमान्यातली.

पाटल्यांवर सराफीतलं कोणी बोलेल. एवढंच सांगतो, आत्याबाईंना म्हणावं निर्धास्त राहा.

गुंजभर

नाना, तुम्ही आमचं निम्मं काम केलंत. जळगावच्या सराफ बाजारात आमची तिसरी पिढी.

ताई, आज दुकानात "तोळा" म्हणजे १० ग्रॅम. तो बोलीतला तोळा आहे, किलो आल्यानंतर सोयीसाठी गोल केलेला. १९५३ चा तोळा ११.६६४ ग्रॅमचा. १२ मासे म्हणजे तोळा, ८ गुंजा म्हणजे मासा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. एक मासा ०.९७२ ग्रॅम, एक गुंज ०.१२१५ ग्रॅम.

तुमच्या पाटल्या: दोन तोळ्यांचे २३.३३, चार माशांचे ३.८९, तीन गुंजांचे ०.३६. एकूण २७.५८ ग्रॅम. आणि भरल्या २७.४. सत्तर वर्षं हातात वापरलेल्या पाटल्यांची ०.१८ ग्रॅम झीज म्हणजे काहीच नाही. खरं सांगू, मला झीज याहून जास्त अपेक्षित होती. आत्यांनी जपून वापरल्यात. आत्येभावाला हा हिशेब दाखवा.

जुना तोळा कुठे बघायचा असेल तर सोन्याचं दहा तोळ्यांचं बिस्कीट. ते अजून ११६.६४ ग्रॅमचंच येतं. आणि नानांनी वर लिहिलेलं नवटाक पण दहा तोळ्यांचंच. म्हणजे ते बिस्कीट बरोब्बर एक नवटाक सोनं. आमच्या दुकानात हे कोणाला सांगितलं की गिऱ्हाईक आधी हसतं आणि मग विचारतं, नवटाक ऐकलंय ते दुसऱ्याच दुकानातलं.

धरणगावचे तोलारनाना

हा हा. दोन्हीकडची नशा सारखीच!

एक राहिलं. जुन्या लोकांनी "रुपयाभार" लिहिलं असेल तर तोच तोळा. तेव्हाचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा होता, म्हणून पारड्यात वजन म्हणून रुपयेच टाकत. स्वातंत्र्यानंतरचा निकलचा रुपयाही सुरुवातीला त्याच वजनाचा होता. १९६२ पासून रुपया १० ग्रॅमचा झाला. म्हणजे गुंजभर भाऊंचा नवा तोळा आणि तो १९६२ चा रुपया सारखेच, पण जुन्या हिशेबाला तो लावायचा नाही.

नवापूरकर

आमच्याकडे या चर्चेत अजून एक मण आहे. सीमा ओलांडली की गुजरातेत भाव अजून मणावर बोलतात आणि तो मण २० किलोचा. भुईमूग, कापूस, सगळं. पहिल्यांदा उकाई-व्याऱ्याकडच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोललो तेव्हा भाव ऐकून वाटलं याने निम्म्यात मागितला. मी रागाने फोन ठेवून दिला होता. नंतर कळलं. तिकडे शेर ४० तोळ्यांचा धरत, त्यामुळे मण आपल्या मणाच्या निम्मा, पावणेएकोणीस किलोच्या आसपास, तो गोल करून २० झाला.

आमच्या घरात आई मण म्हणते तेव्हा ४० किलो, मामा (ते तिकडचे) मण म्हणतात तेव्हा २०. दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा क्विंटल.

रुईवाला

कापसाच्या पल्ल्यावर थोडं. मी जिनिंगमध्ये आहे. ७ पल्ले × १२० शेर × ०.९३३ म्हणजे ७८४ किलो. हा आकडा बघून मी दचकलोच, कारण आमच्या धंद्यात ७८४ हा रोजचा आकडा आहे. रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी ७८४ पौंडांची! म्हणूनच आज रुईचा भाव ज्या खंडीवर बोलतात ती ३५६ किलोची, असा वेडावाकडा आकडा. पण तो पौंडांचा ७८४ आणि हा किलोचा, दोघांचा काही संबंध नाही. कोणी जोडू नका, मी अर्धा तास जोडत बसलो होतो.

ती खंडी मुंबईच्या मणावरून आलीय. तो मण २८ पौंडांचाच, म्हणजे १२.७ किलो. असे २८ मण की रुईची खंडी. नेटवर "१ मण = १२.७ किलो" दिसलं तर ते हे. आणि धान्याची खंडी म्हणजे २० मण, ती वेगळीच. नानांच्या वडिलांचा प्रश्न आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लिहायला हवा.

ताई, तुमच्या आबांनी विकला तो सरकीसकट कापूस असणार, रुई नव्हे. शेतकऱ्याच्या वहीत खंडी क्वचित दिसते ती त्यामुळेच. ७८४ किलोतून रुई साधारण एक तृतीयांश निघाली असेल, म्हणजे पाऊण खंडीच्या आतबाहेर.

खापरावरची आक्का

मला आकडेमोड जमत नाही पण मांडे जमतात. नानांचं वाचून उठले आणि सासूबाईंची पितळी पायली काढली. आधी पातेल्याचा धडा केला (नाना, बरोबर ना? रिकामं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला), मग पायलीने गहू मोजून पातेल्यात ओतला. सपाट पायली ३ किलो ५५० ग्रॅम. शीग लावून, जेवढी राहील तेवढी, ३ किलो ९५०. ज्वारी सपाट ३ किलो ४००. पायली आमच्या यावलकडची आहे, तुमच्या गावची थोडी लहानमोठी असू शकेल.

ताई, मांड्याला गहू धुऊन, फडक्यात दाबून ठेवून मग दळायचा आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. तेव्हा १८ पायल्यांतला कोंडा जाऊन पीठ बरंच कमी भरतं. कमी गहू घेऊ नका. साठ माणसांना मी तरी ११ किलो गहू घेईन. आणि खापर (मांडे भाजायचं मातीचं भांडं) आधीच मागवून ठेवा, ऐन आखाजीला मिळत नाही. नाशिकला तर नाहीच.

धरणगावचे तोलारनाना

आक्का, धडा असाच करतात, शंभर मार्क. सपाट आणि शीग यात एका पायलीला ४०० ग्रॅमचा फरक, म्हणजे १८ पायल्यांना सव्वासात किलो. एवढ्यासाठी बाजारात मापाड्याशी लोक भांडायचे ते उगाच नाही. शेतकऱ्याकडून घेताना शिगेची आणि विकताना सपाट, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकलीय.

बोरीकाठची

सगळ्यांचे खूप आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आले, वही परत नीट बघितली.

नाना, तुमची युक्ती लागू पडली. डाळ, गूळ, तूप, मिरची, हळद, वेलदोडे सगळ्यांसमोर रुपये-आणे आहेत. गव्हासमोर नुसती आडवी रेघ. म्हणजे गहू घरचा. कापसाचं पान: "७ पल्ले, दर मणी २८, एकूण ५८८." ५८८ ला २८ ने भागलं, २१ आले. सात पल्ल्यांचे एकवीस मण. पल्ला तीन मणांचाच! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली.

आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, जिथे मी आधी बघितलंच नव्हतं, आबांच्या अक्षरात: "शेर ८० रु. भार." म्हणजे आबांनाही माहीत होतं की कोणीतरी विचारणार, कोणाचा शेर.

पायलीही सापडली. लोखंडी आहे, बुडाला गंज, आत कोणीतरी स्क्रू-खिळे ठेवले होते. घासून गहू भरला: शीग लावून ३ किलो ९००. आक्का, तुमच्या यावलच्या पायलीपेक्षा ५० ग्रॅम कमी. १८ पायल्या म्हणजे सव्वासत्तर किलो. ६० माणसांना त्या हिशेबाने साडेदहा किलो येतात, आक्कांचे ११ घेतेय. डाळ ५ किलो ६००, गूळ ७ किलो. तूप हिशेबाने पाऊण किलोच येतं, पण नानांनी आबांच्या आखडत्या हाताबद्दल लिहिलेलं मी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आखडता कसला, वाढपी तिकडचे होते, अर्धं तूप मांडवात न येता गेलं." तर तूप तीन किलो घेतेय.

पाटल्यांचा हिशेब आत्येभावाला दाखवला. तो आता म्हणतो की मला आधीपासूनच माहीत होतं. आत्याने पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या, तोलून बघ म्हणाली, परत. आक्कांच्या पद्धतीने वाटीचा धडा केला. घरचा काटा सोन्यासाठी नाही, त्याने २७ दाखवलं. तिने परत घातल्या आणि म्हणाली, "जाऊ दे, सराफाचाच खरा."

खापरासाठी सावद्याच्या बाजूला कोणी ओळखीचं कुंभारकाम करणारं असेल तर मला निरोप करा. चार लागतील.